वाचक विचारतात : पाणवनस्पतींसाठी सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड

प्रश्न : माझी टाकी 3 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. आजवर साखर-यीस्टच्या बाटलीतून निघणाऱ्या गॅसवर भागवलं, पण बुडबुडे कधी भरभर येतात, कधी बंद पडतात आणि काचेवर शेवाळ धरतं. आता सिलिंडर बसवायचा आहे. जोडणी कशी करावी? (नाशिक)

उत्तर : शेवाळ येण्यामागे गॅसची ही चढउतार बरीच जबाबदार असते, त्यामुळे सिलिंडरकडे वळताय ते योग्यच. 2 किलोचा सिलिंडर पुरे. त्यापुढे क्रमाने रेग्युलेटर (दाब कमी करणारा), सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह), नीडल व्हॉल्व्ह (गॅस बारीक प्रमाणात सोडणारा), बबल काउंटर (बुडबुडे मोजायची कुपी), नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) आणि डिफ्यूझर (टाकीत गॅसचे बारीक बुडबुडे करणारा). पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, नीडल व्हॉल्व्हमध्ये नको. स्वस्तातला व्हॉल्व्ह केसभर फिरवला की एका बुडबुड्याचे सहा होतात. नळी पॉलियुरेथेनची घ्या. साध्या सिलिकॉन नळीतून हा गॅस झिरपून जातो.

रेग्युलेटर घेण्याआधी त्याचा नट सिलिंडरच्या आट्यांना बसतो का ते दुकानातच पाहा. सिलिंडर उभा ठेवून भिंतीला पट्ट्याने बांधा. आडवा केलात तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. नटात वॉशर आहे ना, हे बघून पान्याने आवळा. इथे टेफ्लॉन टेप लावायची नाही, गॅस अडवायचं काम वॉशरचं. रेग्युलेटरचा दाबाचा स्क्रू पूर्ण सैल आणि नीडल व्हॉल्व्ह बंद, अशा स्थितीत सिलिंडर अगदी सावकाश उघडा. खोलीत 25 अंश असेल तर सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा 64 बारच्या आसपास थांबेल. मग स्क्रू आवळून बाहेरचा दाब 2 बारवर आणा आणि सोलेनॉइड चालू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. फेस फुगला तर सांधा गळतोय.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा बाण टाकीकडे हवा. तो विसरला तर गॅस बंद झाल्यावर टाकीतलं पाणी नळीतून मागे सरकत रेग्युलेटरपर्यंत पोचतं. डिफ्यूझर तळाजवळ, फिल्टरचा प्रवाह बुडबुडे पूर्ण टाकीत फिरवेल अशा जागी. टायमर असा लावा की गॅस दिव्याच्या दीड-दोन तास आधी सुरू होईल आणि दिवा मालवायच्या तासभर आधी थांबेल. सोलेनॉइड हाताला गरम लागतो, घाबरू नका.

सुरुवात सेकंदाला 1 बुडबुड्याने. बुडबुड्याचा आकार प्रत्येक काउंटरमध्ये वेगळा, त्यामुळे मित्राच्या टाकीचा आकडा उचलू नका; ड्रॉप चेकर (गॅसचं प्रमाण रंगाने दाखवणारी, टाकीत लावायची छोटी कुपी) बघा. त्यात टाकीचं पाणी भरायचं नाही. 4 डीकेएच क्षारतेचं तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगसूचकाचे थेंब घाला. निळा म्हणजे गॅस कमी, पोपटी हिरवा म्हणजे साधारण 30 पीपीएम (दशलक्ष भागांत 30 भाग), पिवळा म्हणजे माशांना धोका. रंग तास-दोन तास उशिराने बदलतो, म्हणून गॅस दिवसाला एकदाच आणि तोही थोडासाच वाढवा. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेऊ लागले तर रंगाची वाट न पाहता गॅस बंद.

प्रश्न : काटा कित्येक आठवडे एकाच जागी होता. अचानक दोन दिवसांत खाली आला आणि त्याच वेळी बुडबुडे वाढून मासे वर आले. सिलिंडर संपत आला असेल तर गॅस वाढला कसा? (ठाणे)

उत्तर : सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो, भरलेल्या गॅसवर नाही, द्रव संपला की तो झपाट्याने उतरतो. एकाच टप्प्याच्या (दाब एकदाच उतरवणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये आतला दाब घसरला की बाहेरचा उलट वाढतो. तात्काळ उपाय : सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, एअरपंप चालू, निम्मं पाणी बदला. काट्यावर विसंबू नका, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. अंगावर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं की उरलेला गॅस कळतो. शेवटचे 150-200 ग्रॅम सोडून सरळ भरून आणा. नवा रेग्युलेटर घेणार असाल तर दोन टप्प्यांचा घ्या.

प्रश्न : ऑफिसमधून काढलेला कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक चालेल का? (पुणे)

उत्तर : आहे तसा नाही. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यामुळे उभा ठेवला तरी द्रवच बाहेर येतो. नळी काढून व्हॉल्व्ह बदलायचं काम परवानाधारक भरणा केंद्राचं, घरच्या पान्याचं नाही. शिवाय सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या चाचणीची) तारीख 5 वर्षांपेक्षा जुनी असेल तर चाचणी केल्याशिवाय तो भरून मिळू नये.