सील बदलण्याआधी क्रँककेसचा श्वास तपासा

आपण लिहिले आहे की साठच्या दशकातल्या तुमच्या चार सिलिंडरच्या ब्रिटिश गाडीचे इंजिन नुकतेच नव्याने बांधले, त्यानंतर मागच्या बाजूने तेल गळू लागले, चढावर डिपस्टिक आपोआप वर येते आणि कार्यशाळेचे म्हणणे ‘मागचे सील गेले, इंजिन पुन्हा उतरवावे लागेल’ असे आहे. हे वाचून मला माझीच जुनी डोकेदुखी आठवली. इंजिन उतरवण्यास कृपया तूर्त नकार द्या.

माझी गाडी बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरिज इंजिनाची, तीन मेन बेअरिंगची (म्हणजे क्रँकशाफ्टला तीन ठिकाणी आधार असलेली). या इंजिनाच्या मागे रबरी सील नसतेच. क्रँकशाफ्टवर उलट दिशेने कापलेले आटे असतात, ते फिरताना तेल आत ढकलतात, आणि आटे व त्यांच्याभोवतीचे घर यांच्यात थोडी फट मुद्दामच ठेवलेली असते. क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब नसेल तोवर ही व्यवस्था नीट चालते. दाब वाढला की तेल त्याच फटीतून बाहेर पडून क्लचवर जाते. असे असूनही ज्या कार्यशाळेने माझे इंजिन बांधले होते, तिने ते पुन्हा उतरवले आणि बिलात ‘मागचे ऑइल सील’ अशी स्वतंत्र नोंद करून पैसे घेतले. काढलेले जुने सील दाखवा म्हटल्यावर ‘ते कचऱ्यात गेले’ असे उत्तर मिळाले. गळती अर्थातच थांबली नाही.

खरे कारण बाजूच्या टॅपेट कव्हरवर होते. तिथल्या ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या, डब्यात तारेची जाळी असते आणि डब्यातून एक नळी खाली रस्त्याकडे जाते. बाहेरून तो डबा नव्या रंगाने चकचकीत केलेला होता. काढून नळीला तोंड लावून फुंकले तर गाल फुगले, पण हवा तसूभरही पुढे सरकेना. आत वर्षानुवर्षांचे तेल डांबरासारखे घट्ट झाले होते. वायूला सुटकेची दुसरी वाट म्हणजे रॉकर कव्हरमधून एअर क्लीनरकडे जाणारी नळी, आणि ती त्याच कार्यशाळेने रबरी बूच ठोकून बंद केली होती, कारण ‘तिच्यातून तेल येऊन फिल्टर खराब होतो’. तिथून तेल का येत आहे, हा प्रश्न कोणालाही पडला नाही, याचा राग मला आजही येतो.

इंजिन बांधण्यापूर्वी गळती एवढी का नव्हती, याचेही उत्तर यातच आहे. जुन्या गॅस्केटमधून वायू चारही बाजूंनी थोडाथोडा सुटत होता. नवी गॅस्केट बसली, त्या वाटा बुजल्या आणि त्याच सुमारास पिस्टनच्या नव्या रिंगांमुळे ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरणारा वायू) उलट वाढला, कारण रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी पुरत्या बसेपर्यंत ज्वलनाचा वायू त्यांच्या कडेने खाली येतच राहतो. रिंगा लवकर बसाव्यात म्हणून इंजिन तासन्‌तास रिकामे चालवत ठेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते. त्याने भिंती गुळगुळीत होतात आणि रिंगा बसतच नाहीत. माफक भार देऊन, वेग कमीजास्त करत गाडी चालवणे बरे.

तपासणी स्वस्त आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात थोडे पाणी भरा, एक टोक डिपस्टिकच्या भोकात हवाबंद बसवा आणि इंजिन गरम झाल्यावर वेग हळूहळू वाढवा. पाणी इंजिनापासून दूर ढकलले जाऊन काही सेंटिमीटरचा फरक टिकून राहिला, तर आत दाब साठत आहे. आधी ब्रीदर रॉकेलमध्ये भिजवून साफ करा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा मोजा. तरीही दाब राहिला तरच लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते पाहणे) करून तेल ओतण्याच्या तोंडाशी हवेचा फुसफुसाट ऐका, कारण ‘बॅक कॉम्प्रेशन आहे’, म्हणजे रिंगांच्या कडेने वायू खाली येतो, असे नुसत्या धुरावरून म्हणणारे बरेच भेटतील. मात्र उभ्या गाडीवर मिळालेला चांगला निकाल अंतिम मानू नका. ब्लो-बाय सर्वाधिक असतो तो पूर्ण भारावर.

रस्त्याकडे जाणाऱ्या नळीचे खालचे तोंड तिरके कापलेले असते, ते मागच्या दिशेला आहे ना, हेही पाहा. पुढे वळले असेल तर वारा आत शिरतो. मुळात ती नळी ताशी सुमारे 40 किलोमीटरच्या खाली फारसे ओढतच नाही, त्यामुळे गर्दीत चालणाऱ्या गाडीत ओलावा आत साठतो आणि तेल ओतण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसते. तेवढ्यावरून हेड गॅस्केट गेले असे समजू नये.

पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला वायू इंजिनात परत नेणारी झडप, बसवावा का, हे पुढे कोणीतरी विचारेलच. कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत तो 1961 पासून आणि उर्वरित अमेरिकेत 1963 पासून येऊ लागला, आणि तत्त्व उत्तमच आहे: इनटेक मॅनिफोल्डची ओढ वापरून क्रँककेसमधला वायू पुन्हा जाळायचा. पण माझ्या मते कोणत्याही इंजिनाला चालेल म्हणून विकला जाणारा व्हॉल्व्ह जुन्या इंजिनावर सरसकट लावू नये. तो इंजिनाच्या क्षमतेला जुळणारा हवा, ताजी हवा आत येण्यासाठी गाळणी असलेली वाट हवी, तेल अडवणारा पडदा हवा आणि नंतर आयडलचे (गाडी उभी असताना मंद चालणाऱ्या इंजिनाचे) हवा-पेट्रोलचे मिश्रण पुन्हा जुळवावे लागते. नळी तेलाला टिकणारी घ्या. पाण्याची साधी नळी आतल्या ओढीने चपटी होते. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही आणि तुमचे इंजिन मी पाहिलेले नाही, म्हणून हे सर्व त्या मर्यादेत घ्यावे.

तुमच्या इंजिनाला मागे सील आहे की आटे, हे आधी दुरुस्ती-पुस्तिकेत पाहा. आटे असतील तर कार्यशाळेला एवढेच विचारा की ते नेमके कोणते सील बदलणार आहेत.