धरणाच्या भिंतीवर फिरायला जाता? मग हे वाचा

मातीची जुनी धरणं, गावतळी आणि पाझर तलाव यांच्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

अंबाझरीच्या बंधाऱ्यावर आम्ही वर्षानुवर्षं सकाळी फिरतो. तिथली झाडं हीच तिथली शोभा. पण बंधाऱ्यावर झाडं धोक्याची, असं आता सांगतात. मुळं माती धरून ठेवतात हे शाळेत शिकलो, ते खोटं का? (नागपूर)

खोटं नाही, पण ते डोंगरउतारापुरतं. धरणाच्या भिंतीत मधोमध काळ्या मातीचा गाभा असतो आणि दोन्ही अंगांना मुरमाचं कवच. दाबून बसवलेल्या त्या मातीत कुठेही सलग पोकळी राहू नये, यावर सगळा खेळ असतो. जिवंत मूळ फारसं बिघडवत नाही. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी आडवा बोगदा उरतो. पाण्याला एवढी वाट पुरते. वादळात मोठं झाड उन्मळलं तर बुंध्यासोबत भिंतीचा लचका जातो, तोही ऐन पावसात, तलाव भरलेला असताना. शिवाय झुडपांच्या गर्दीत भेग, ओल, उंदीर-घुशींची बिळं काहीच दिसत नाही.

पण करवत चालवली की काम झालं, असं समजणारे अधिकारी मला झाडांइतकेच धोक्याचे वाटतात. मोठं झाड नुसतं कापून बुंधा तसाच ठेवला, तर मुळं कुजायला आपणच सुरुवात करून दिली. पाणी खाली असताना झाड काढायचं, जाड मुळं खणून काढायची आणि खड्डा थराथरांनी, पाणी मारून, ठोकून भरायचा. हे होणार नसेल तर पुढची काही वर्षं त्या जागेवर नजर ठेवायची. भिंतीवर आखूड गवत चांगलं, हरळी तर उत्तमच. तुमच्या चालण्याने भिंतीला काही होत नाही, खुशाल फिरा.

आमचा पाझर तलाव 1972 च्या दुष्काळी कामावर झाला. यंदा तलाव भरल्यापासून भिंतीच्या खालच्या अंगाला, पायथ्याशी ओल दिसते आणि तेवढ्याच जागी गवत हिरवंगार आहे. ग्रामसेवक म्हणतात, "पाझर तलाव आहे, पाझरणारच." (बीड जिल्हा)

ग्रामसेवकांचं अर्धं बरोबर आहे. पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळावं म्हणूनच पाझर तलाव असतो. पण ते तळातून मुरायला हवं, भिंतीतून नव्हे. आणि मातीचं कुठलंही धरण थोडंफार पाझरतंच. तेव्हा पाझर आहे का, यापेक्षा तो कसा आहे, हे बघा.

आधी रंग. पारदर्शक बाटलीत ते पाणी घ्या, अर्धा तास न हलवता ठेवा आणि तळ बघा. पाणी नितळ असेल तर घाई नाही. तळाशी माती बसली, तर ती धरणाच्या पोटातली आहे. जमिनीतून उकळी फुटल्यासारखं पाणी वर येत असेल आणि भोवती बारीक रेतीचं वारुळासारखं कडं साचत असेल, तर त्याच दिवशी कळवा.

मग जागा. ओल विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या, पाइपाजवळ असेल तर जास्त संशय घ्यावा. पाइपाच्या कडेने रोलर फिरत नाही, तिथली माती हाताने ठोकावी लागते आणि ती नेहमी कच्ची राहते. पानशेतचं दुखणंही विमोचकापाशीच होतं. 1961 च्या पावसाळ्यात त्याचं काम अर्धवट असताना त्यातून वेगाने पाणी वाहत राहिलं, त्याच्या डोक्यावरचा भराव खचत गेला आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही 12 जुलैला धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि पुण्यात पूर शिरला.

शेवटी वाढ. ओलीच्या कडेला खुंटी ठोका आणि तारीख लिहा. तलावाची पातळी तेवढीच असताना ओल खुंटीपलीकडे गेली, तर आत काहीतरी बदललं आहे.

आणि एक चूक मात्र करू नका. गळतीच्या तोंडावर चिकणमाती थापून ती बुजवणं गावोगावी चालतं. बाहेरची वाट बंद झाली की पाणी भिंतीतच चढतं आणि उतार भिजून घसरतो. अशा जागी आधी वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असा थर देतात. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावं. वरच्या अंगाला, भिंतीलगतच्या पाण्यात भोवरा फिरताना दिसला, तर बाटली-खुंटी विसरा आणि आधी खालच्या वस्तीला हलवा.

खेकडे खरंच धरण फोडतात का? (चिपळूण)

तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, वीसहून अधिक माणसं वाहून गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. लोक हसले, चिडलेही. बिळांनी भिंत पोखरली जाते, हे तंत्र म्हणून खरं आहे. जगभर घुशी, साळिंदरं, खेकडे यांची बिळं धरणतपासणीत मोजली जातात. पण म्हणूनच ती तपासायची असतात. तिवऱ्याचे गावकरी गळतीची तक्रार आधीपासून करत होते. त्यापुढे खेकड्यांचं कारण टिकत नाही.

धरणाच्या पायथ्याशी माझी जमीन आहे. कृषी पर्यटनासाठी पोहण्याचा तलाव, विहीर आणि सांडव्याच्या कडेला चहा-भजीची टपरी काढायचा विचार आहे. परवानगी मिळेल का? (नाशिक जिल्हा)

परवानगीचं कार्यालय सांगेल, मी धोका सांगतो. पायथ्याशी खोल खड्डा म्हणजे भिंतीचा टेकू काढणं. खालून दाबाने येणाऱ्या पाझराला तिथे सोपी वाट मिळते आणि तो येताना माती घेऊन येतो. विहीर आणि पोहण्याचा तलाव पायथ्यापासून चांगले लांब न्या. किती लांब, ते धरणाची उंची आणि खालचा खडक पाहून ठरेल.

टपरीचा विचार मात्र सोडूनच द्या. सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर जाण्याची वाट, वर्षातले बरेच महिने कोरडा असतो, म्हणून तो सगळ्यांना मोकळी जागा वाटतो. मग तिथे पार्किंग येतं, बाग येते, पुतळा येतो. मासे आणि चार बोटं जास्तीचं पाणी अडावं म्हणून गावकरी सांडव्यावर पोती रचतात, जाळी लावतात. काँक्रीटच्या धरणाच्या माथ्यावरून थोडा वेळ पाणी गेलं तरी ते बहुधा टिकतं. मातीच्या धरणाला ते सोसत नाही. एकदा चर पडली की काही तासांत भिंत कापली जाते. म्हणून सांडव्याची रुंदी हाच मातीच्या धरणाचा जीव. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात पाऊस कोसळला आणि अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. तेव्हा बंधारा टिकला, पण सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकामुळे पाणी अडलं का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. भिंतीवर फिरणाऱ्यांमुळे धरण धोक्यात येत नाही. त्यांच्या सोयीसाठी जे बांधलं जातं, त्याने येतं.

तुमच्यासाठी चांगली जागा म्हणजे तलावाची बाजू, बॅकवॉटरचा काठ. गंगापूर धरण मातीचंच आहे, आणि तिथला बोट क्लब भिंतीवर नाही, जलाशयाच्या काठावर आहे.

आमच्या तलावात बोटी चालतात. दुरुस्तीसाठी पाणी उतरवणार म्हणतात, म्हणजे हंगाम बुडणार. पावसाळ्यापर्यंत थांबता येणार नाही का?

नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ईडनव्हिल नावाचं 1924 च्या सुमाराचं मातीचं धरण होतं. त्याच्या तलावाकाठी घरं, धक्के, बोटी. सांडवा अपुरा म्हणून 2018 मध्ये त्याचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द झाला. तरी पातळी किती ठेवायची यावर ओढाताण चालूच राहिली. पाणी उतरवल्याने शिंपले मेले म्हणून राज्याने मालकावर दावाही लावला. 19 मे 2020 ला मोठ्या पावसात भिंतीचा एक भाग घसरला, खालचं सॅनफर्ड धरणही गेलं आणि सुमारे दहा हजार लोकांना घरं सोडावी लागली. माथ्यावरून पाणी गेलंच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी सैल टाकलेली रेती भिजून एकाएकी पातळ झाली होती.

अधिकाऱ्यांना तुम्ही वेगळंच विचारा: रोज किती पाणी उतरवणार? भिजलेल्या भिंतीसमोरचं पाणी झपाट्याने काढलं तर आतलं पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही आणि पाण्याकडचा उतार पिचिंगसकट (त्यावर बसवलेल्या दगडांसकट) ढासळतो. सावकाश उतरवायला आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्यापर्यंत थांबणं परवडत नाही.

गावच्या तलावात मुलं पोहतात. पट्टीची पोहणारी आहेत. तरी भीती वाटते.

वाटू द्या. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'सारख्या कामांत जेसीबीने उन्हाळ्यात उभ्या कडांचे खड्डे काढलेले असतात. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात आणि गुडघाभर पाण्यात चालणारा मुलगा पुढच्या पावलाला दोन पुरुष खोलात जातो. उरलेल्या गाळात पाय रुततो, तिथे पोहणं येऊन उपयोग नाही. विमोचकाच्या विहिरीजवळ पाण्याची ओढ वरून दिसत नाही. सांडव्याच्या शेवाळलेल्या फरशीवर तर घोटाभर पाणीही माणूस पाडतं. लोणावळ्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. भुशी धरण दगडी आहे आणि ती जागा धरणामागच्या धबधब्याची होती, पण पाण्याचा लोंढा अचानक वाढणं दोन्हीकडे सारखंच.

आमचा तलाव लहान आहे. नवा धरण सुरक्षा कायदा त्याला लागू होतो का? तक्रार कुठे करायची?

2021 चा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरपर्यंतच्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. बहुतेक गावतळी त्याच्या बाहेर राहतात, ही मोठीच उणीव आहे. तुमचा तलाव जलसंपदा विभागाचा, मृद व जलसंधारणाचा की जिल्हा परिषदेचा, हे आधी ग्रामपंचायतीतून काढा, नाहीतर अर्ज वर्षभर तीन टेबलांवर फिरेल. अर्जासोबत तारखेसह फोटो आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी द्या, प्रत तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या. पाणी गढूळ झालं किंवा भिंत खचताना दिसली, तर अर्जाच्या भानगडीत पडू नका, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा.