पुण्यात सपाट रस्त्यावर हाफ 2 तास 10 मिनिटांत होते, सातारा हिल हाफ मॅरेथॉनला किती वेळ धरू? तयारी कशी करू?

पुण्यातला टायमिंग विसरा, किमान 15-20 मिनिटं जास्त धरा. अंतर तेच 21 किमी, पण गाव सुटलं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि निम्मी रेस चढच आहे, वरून फिरलात की तोच घाट उतरायचा. चढाला पेस (एका किमीला लागणारा वेळ) बघूच नका, श्वासावर पळा, बोलता येईना झालं की स्पीड कमी करा, खड्या वळणावर चाललात तरी काही बिघडत नाही, खरंच.

लोक चढाला घाबरतात पण पाय जातात ते उतारावर! माझ्या पहिल्या वेळी वर छान धुकं होतं, अंगावर भुरभुर पाऊस, मी जोशात उतारावर सुसाट सुटले आणि 17व्या किमीला मांड्या अशा धरल्या की दोन दिवस जिना उलटा उतरत होते. उतरताना लहान पावलं टाका, टाच आपटू नका, शरीर किंचित पुढे.

तयारीला आठवड्यातून एकदा पुण्याजवळचा बोपदेव घाट, चढ आणि उतार दोन्ही पळत. सोबत स्क्वॉट्स. आणि रेस पावसाळ्यात असते, ओल्या रस्त्यावर पकड देणारे, वापरलेलेच शूज घाला, नवे नकोत.