तो आता काहीच विचारत नाही

म्हापशात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलींकडून एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पहिल्या वाक्यालाच पुढचं सगळं कळतं. सुरुवातीला तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत विचारत बसायचा. शाळा कुठली, मैत्रिणी कोण, आधी कोणी होतं का. आता ‘जेवलीस?’च्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणजे त्याचा माझ्यातला इंटरेस्ट संपला का? मुलांनाही हीच काळजी असते. ते फक्त इकडचं तिकडचं बरंच बोलून झाल्यावर या मुद्द्यावर येतात.

डिचोलीकडची एक मुलगी हेच घेऊन आली होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटी इथे थोडक्यात आवरल्या आहेत.) नोकरी पणजीत. मित्र साखळी गावचा, वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. चार वर्षांची ओळख, दोन्ही घरी ठाऊक. आणि ऑफिसात मुंबईहून नवा आलेला एक सहकारी.

“मॅडम, तो मला इतकं विचारतो ना, की वाटतं आपल्यात अजून काहीतरी आहे.”

“आणि साखळीचा?”

“त्याचं सगळं विचारून झालंय.”

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वळणाची, म्हणजे भावनेमागची समजूत विवेकाने तपासणारी. ‘प्रेम असेल तर त्याने विचारायलाच हवं’ असा हट्ट कानावर पडला की मी तिथेच मुक्काम करते. त्या हट्टाखाली एक समजूत असते: प्रश्न जितके जास्त, तितकी ओढ खरी. ही समजूत तपासायची तर आधी कुतूहल कसं चालतं ते पाहायला हवं. माणसं निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ साली त्याची फार नेमकी मांडणी केली. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यायचं आहे, त्यांच्यामधलं अंतर टोचायला लागलं की कुतूहल जागं होतं. अंतर भरलं की टोचणी थांबते. म्हणजे कुतूहल विचारणाऱ्याची गरज भागवतं. त्यात वाईट काही नाही, नाती सुरूच तिथून होतात; पण ते शमणारच.

हे मी तिला सांगितलं नाही. व्याख्यानाने कुणाचं मन वळल्याचं मी पाहिलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, “ऑफिसातल्या मित्राला उत्तर देताना तुला खूप बरं वाटलं, असा एखादा प्रश्न आठव.”

तिला लगेच आठवला. चतुर्थीच्या आधी त्याने माटोळी म्हणजे काय ते विचारलं होतं. गणपतीच्या वर टांगायची ती चौकट, तिला बांधायची रानातली फळं, पानं, कांगोण्या. ती भरभरून बोलली. कोण आणतं, बाजारात मिळत नाही का, त्याचे प्रश्न संपेनात. बोलता बोलता तिने हेही सांगितलं, की बाबा दरवर्षी स्वतः डोंगरात जातात, यंदा गुडघ्यामुळे जमणार नाही, म्हणून घरात कुणाशी बोलेनासे झाले आहेत.

“मग?”

“मग त्याने दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना माटोळीची माहिती दिली. मस्त सांगितली.”

“आणि बाबांच्या गुडघ्याचं?”

ती अडखळली. “ते… नाही विचारलं. नंतरही नाही.”

“मग यंदा सामान आणलं कोणी?”

या प्रश्नाचा मला आजही थोडा अभिमान आहे, कारण त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. आधी ती सहज सांगू लागली. रात्रपाळी संपवून साखळीचा मित्र सकाळी घरी आला. मामाच्या पिकअपमध्ये बाबांना बसवलं आणि सत्तरी तालुक्यातल्या डोंगरात नेलं. बाबा खुर्चीत बसून बोट दाखवायचे, हा आणि मामा चढून काढायचे. संध्याकाळी बाबा पुन्हा पहिल्यासारखे ओरडत होते, दोरी अशी बांध, तशी नको.

“त्याला तू सांगितलं होतंस?”

“नाही. फोनवर नुसतं म्हटलं होतं, बाबा चिडचिड करतात. त्याने काही विचारलं पण नाही…” आणि मग तिला रडू आलं.

सहकाऱ्याची यात चूक नव्हती. त्याला माटोळीचं कुतूहल होतं, तिच्या बाबांचं नव्हतं. रस आहे की नाही, हे ओळखायला प्रश्न मोजू नयेत. उत्तराचं पुढे काय झालं ते पाहावं. ते लक्षात राहिलं का? त्या उत्तराने विचारणाऱ्याच्या वागण्यात काही बदललं का? गंमत नसलेला, कंटाळवाणा भागही त्याने ऐकून घेतला का? हल्ली जोडपी मोबाइलवर मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांचे ते १९९७ चे ३६ प्रश्न घेऊन येतात, ‘प्रेमात पाडणारे प्रश्न’ म्हणून. मुळात तो अभ्यास दोन अनोळखी माणसांत ४५ मिनिटांत जवळीक निर्माण करता येते का, हे पाहण्याचा होता. सेहेचाळिसाव्या मिनिटाची हमी त्यात नाही. आणि कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, लोकेशन पाठव, या प्रश्नांना तर कुतूहलही म्हणू नका. तो पहारा आहे, आणि त्यावर मी वेगळ्या पद्धतीने बोलते.

इथवर वाचून साखळीचा मुलगा जिंकला असं वाटेल. मी त्यालाही बोलावलं. तो मोकळा होता. “विचारायचं काय, मॅडम? मला ती पाठ आहे.”

“बरं. सध्या तिला कसली धास्ती आहे?”

“बँकेच्या परीक्षेची.”

ती हसलीच. त्या परीक्षेचा नाद तिने दोन वर्षांपूर्वी सोडला होता. सध्या तिला धास्ती होती बंगळूरला बदली होण्याची. ऑफिसातल्याला ते ठाऊक होतं, याला नव्हतं. याने विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही, आणि तिने सांगितलं नाही म्हणून याने विचारलं नाही. रस असलेली माणसं इथे फसतात. माणूस एकदा कळला की कळला, असं धरून चालतात, आणि समोरचं माणूस तर दरवर्षी बदलत असतं. म्हणून जुन्या नात्यात कुतूहल मुद्दाम जागवावं लागतं. त्याला मी एवढंच करायला सांगितलं: ज्याचं उत्तर खरंच माहीत नाही असा एखादा प्रश्न आठवड्यात विचारायचा आणि मध्ये उपाय सुचवायचा नाही. तिला सांगितलं, विचारायची वाट बघत बसू नकोस. आपणहून सांगितल्याने किंमत कमी होत नाही.

बदलीचं अजून नक्की नाही. तो आता विचारतो, पण बहुतेक वेळा तेच तेच, असं तिचं म्हणणं आहे. त्यासाठी तिने पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे.