परीकथा म्हणून लावला आणि घाबरून बंद केला

प्रश्न : परीकथा आहे असं वाचून 'पॅन्स लॅबिरिंथ' ९ वर्षांच्या मुलासोबत बघायला बसलो आणि तो बाटलीने तोंड फोडायचा सीन आल्यावर झटकन बंद केला. असले पिक्चर नक्की कोणासाठी बनवतात? मुलांना छळणारे अनाथाश्रम, शाळा दाखवायच्याच आहेत तर सरळ दाखवा ना, मध्ये भुतं-पऱ्या कशाला? आणि मुलासोबत बघण्यासारखं यातलं काही आहे का?

उत्तर : अहो, आधी रेटिंग बघत जा! अमेरिकेत त्याला 'आर' आहे, म्हणजे १७ च्या खालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा. आणि सोबत असलं तरी ९ वर्षांच्या मुलाला नकोच.

आता भुतं कशाला, तर त्याच दिग्दर्शकाचा, गिएर्मो देल तोरोचा, २००१ चा 'द डेव्हिल्स बॅकबोन' बघा, मूल झोपल्यावर. स्पेनमधलं यादवी युद्ध संपत आलंय, आडरानात अनाथाश्रम, अंगणात न फुटलेला बॉम्ब रुतून बसलाय, आणि सान्ती नावाच्या पोराचं भूत फिरतंय ज्याच्या डोक्यातलं रक्त खाली न ओघळता वर तरंगत जातं, कारण त्याला मारून तळघरातल्या हौदात बुडवलेलं असतं. हे भूत घाबरवायला नाही, तक्रार करायला आलंय. जिवंत पोरं बोलली तर ऐकणार कोण, मारणारा तिथलाच रखवालदार हासिंतो! तो स्वतः तिथेच लहानाचा मोठा झालेला, हे मला भुतापेक्षा जास्त भयानक वाटतं. वर्गात बाई आदिमानव टोळीने मॅमथची शिकार कशी करायचे ते शिकवतात, आणि शेवटी पोरं काठ्यांना टोकं काढून एकत्र हासिंतोवर तुटून पडतात. सरळ वास्तववादी पिक्चर असता तर बहुतेक कोणीतरी भला माणूस येऊन पोरांना सोडवून गेला असता. परीकथेत मुलांचं मुलांनाच निस्तरावं लागतं, म्हणून तर ती लागते.

तुम्ही बंद केला त्यातही तेच आहे. ती छोटी ओफेलिया सावत्र बापाचं, त्या कॅप्टनचं तर ऐकत नाहीच पण शेवटी फॉनलाही (तो अर्धा बोकड, अर्धा माणूस असलेला जादुई प्राणी) नाही म्हणते, आपल्या तान्ह्या भावाचं रक्त सांडायला. जादूचा हुकूम झाला म्हणून काय झालं?

मुलासोबत १९९६ चा 'मटिल्डा' बिनधास्त लावा. मुख्याध्यापिका वेण्या धरून मुलीला गरगर फिरवून भिरकावते, पण पोरं हसतात. मग थोडा मोठा झाला की २०२२ चा देल तोरोचाच 'पिनोकियो', मुसोलिनीच्या काळातला, त्यात पोरांना सैनिकी कॅम्पात नेतात आणि एक बाप पोटच्या पोराला मित्रावर गोळी झाडायला सांगतो, पोरगा साफ नकार देतो. यात मरणाच्या गोष्टी बऱ्याच आहेत, तेव्हा शेजारी बसा. १९८५ चा 'रिटर्न टू ऑझ' सौम्य रेटिंगचा आहे पण सुरुवातीलाच डोरोथीला विजेचे झटके द्यायला दवाखान्यात नेतात, तो आधी तुम्ही एकटे बघा मग ठरवा.