वाचक विचारतात: पी.टी.च्या तासाचं काय करायचं?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. पी.टी.चा तास बहुतेक वेळा गणिताला जातो. हा विषय सक्तीचा करायला हवा का? शाळेकडे आम्ही नेमकं काय मागावं?
– एक पालक, सांगली

उत्तर : कागदावर सक्ती आहेच. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचं साहित्य आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही आहे. त्यामुळे आणखी सक्ती मागण्यापेक्षा वेळापत्रक मागा.

पस्तीस मिनिटांचा तास धरा, वर्गात साठ मुलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला पाच मिनिटं, रांगा-हजेरीला पाच, परत जायला पाच. उरली वीस. त्यात खो-खोचं एकच मैदान आखलं, तर आठ जणं चौकात बसलेली, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. म्हणजे एका वेळी धावतात चौघं! बाकीचे कडेला गप्पा मारतात. असा तास गणिताला गेला तर मुलंही फारशी हळहळत नाहीत.

म्हणून चार सुटे तास देण्याऐवजी आठवड्यातून दोनदा सत्तर मिनिटांचा जोडतास द्यावा. आठ मिनिटं अंग मोकळं करणं, मग पंधराचे चार गट, दर बारा मिनिटांनी जागाबदल, शेवटी पाच मिनिटं सैलावणं. उरलेली नऊ जाण्यायेण्यात जातात. एका कोपऱ्यात दोरीउड्या (आठ दोऱ्या पुरतात : जोडीतला एक उड्या मारतो, दुसरा मोजतो), दुसऱ्यात चेंडूफेक, तिसऱ्यात आखूड खो-खो, खांबाऐवजी फक्कीची खूण. चौथ्यात लंगडी, पण गल्लीतल्यासारखी : ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. 'बाद' करून बसवलं की सगळ्यात आधी बसतं ते ज्याला पळायची गरज जास्त तेच मूल.

श्रेणी पहिल्या-दुसऱ्या नंबरावर नको. जूनमध्ये 600 मीटरची वेळ नोंदवा, जानेवारीत पुन्हा, आणि मुलाची तुलना त्याच्याशीच करा. आणि गृहपाठ राहिला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं बंद करायला सांगा. धावण्याचा तिटकारा तिथेच रुजतो.

प्रश्न : मुलाला दमा आहे. पी.टी.तून कायमची सूट घ्यावी का?

उत्तर : दमा आटोक्यात असेल तर नको. डॉक्टरांकडून लेखी सूचना घ्या : धावण्याआधी पंप घ्यायचा का, किती वेळ आधी. पंप मैदानावर हवा, वर्गातल्या दप्तरात नव्हे. सुरुवात दहा-पंधरा मिनिटं हळूहळू वाढवत न्यायची, एकदम धाव नाही. फक्की टाकताना आणि मैदान झाडताना त्याला लांब ठेवा, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. छातीत शिट्टी वाजू लागली की थांबवून ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही, आणि पंप द्यायचा. तरी उतार पडला नाही तर थेट दवाखाना.