कोल्हापुरात राहून किशोरवयीन मुलांसाठी वेगवेगळ्या समाजांतल्या गोष्टी आणि त्यांचे लेखक कसे शोधावेत?

तुमची भाची नववीत, इंग्रजी माध्यमात. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या पोरापोरींच्या कादंबऱ्या तिनं संपवत आणल्यात आणि आता ती विचारते की आपल्याकडं असं काही आहे का? वेगवेगळ्या जातीधर्मांतल्या, गावातल्या, शहरातल्या, चारचौघांपेक्षा वेगळ्या मुलामुलींच्या गोष्टी. आणि तुम्हाला हवंय ते असं, की कोल्हापुरात बसून ही पुस्तकं आणि हे लेखक हुडकायचे कुठं. समलैंगिक मुलामुलींच्या गोष्टी असतील का, हेही तुम्ही दबकत विचारलंय.

आहे, आणि ढीगभर आहे. फक्त ‘यंग ॲडल्ट’ अशी पाटी शोधत फिराल तर हात हलवत परत याल. मी इथल्याच एका लहान वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसते. आमच्याकडं बालविभाग आहे, तो साधारण सहावी-सातवीत संपतो, आणि त्याच्या पुढं थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या सुरू होतात. चौदा ते अठरा वयाचं कपाटच नाही. बहुतेक वाचनालयांत हीच गत. त्यामुळं त्या वयाची पुस्तकं आत्मचरित्र, ग्रामीण, दलित साहित्य, कथासंग्रह अशी चार ठिकाणी पांगलेली असतात. म्हणून पाटी सोडा, नायकाचं वय बघा. पुस्तक बारा ते अठरा वयाच्या मुलामुलीच्या डोळ्यांनी सांगितलंय का, एवढंच तपासायचं. पहिली दहा पानं चाळली की कळतं.

सुरुवात घराजवळून करा. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) आमच्याकडं आत्मचरित्रात लावलेली आहे आणि नेणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. वास्तविक ती कागलच्या एका शाळकरी पोराची गोष्ट आहे. बापाला पोरगं मळ्यात राबायला हवंय, पोराला शाळा हवीय, आणि आई-लेक मिळून गावातल्या वजनदार माणसाकडं, दत्ताजीरावांकडं जातात, म्हणजे बापाला त्यांच्याकडून दटावून घेता येईल. ही मसलत वाचताना हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. शाळेत परत गेल्यावर वर्गातली पोरं टिंगल करतात. मग सौंदलगेकर मास्तर भेटतात, कविता चालीवर म्हणणारे, आणि पोरगं म्हशी राखता राखता कविता करायला लागतं. कागद-पेन्सिल नसली तर म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहून ठेवतं. या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एक भाग ‘जूझ’ या नावानं एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात आहे. म्हणजे उत्तरेतली मुलं तो पाठ म्हणून वाचतात, आणि कागलपासून वीसेक किलोमीटरवरच्या आपल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांना लेखकाचं नावही ठाऊक नसतं. असो.

पुस्तक जाड आहे आणि बापाचा मार वारंवार येतो, हे आधी सांगून ठेवा. भाषा अडणार नाही. कोल्हापूरच्या पोरीला ती आजीच्या तोंडची वाटेल.

इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी मला एक युक्ती लागू पडलेली दिसते, ती म्हणजे जोडी लावून देणे. ती जे वाचून आलीय त्याला खेटूनच आपल्याकडचं पुस्तक हातात ठेवायचं. एलिझाबेथ ॲसेव्हेदोंची ‘द पोएट एक्स’ (२०१८) तिनं वाचली असेलच. हार्लेममधली डोमिनिकन घरातली मुलगी, कडक आई, आणि आईपासून लपवलेली कवितांची वही. तिच्या शेजारी ‘झोंबी’ ठेवा. एकीला आईची धास्ती, दुसऱ्याला बापाची, आणि दोघांनाही कविता करण्यावाचून राहवत नाही. अँजी थॉमस यांच्या ‘द हेट यू गिव्ह’मध्ये (२०१७) पोलिसांच्या गोळीनं मित्र मरताना बघितलेली सोळा वर्षांची काळी मुलगी आहे. तिच्या जोडीला लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७). इंग्रजांनी ज्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यातल्या एका घरातलं बालपण. पोलीस कधी दारात येतील याचा नेम नाही. हे आत्मकथन आहे, कादंबरी नाही, आणि मारहाणीचे प्रसंग अंगावर येणारे आहेत. दहावीनंतर द्या.

माझी आवडती जोडी तिसरी आहे. सिद्धार्थ शर्मा यांची ‘इयर ऑफ द वीड्स’ (२०१८) ही भारतीय इंग्रजीतली किशोर कादंबरी. ओडिशातला कोरोक नावाचा गोंड मुलगा, बागकाम करणारा, आणि बॉक्साइटसाठी डोंगरावर डोळा ठेवून आलेली कंपनी. तिच्याबरोबर ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’ ठेवा. धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाची गोष्ट, आणि तिला २०१७ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे. हे दोन्ही पचले की मग कृष्णात खोतांची ‘रिंगाण’. खोत पन्हाळ्याकडचे, आणि कादंबरीत धरणानं उठवलेलं गाव आणि मागं सुटलेली म्हैस आहे. २०२३ चा अकादमी पुरस्कार तिलाच मिळाला. ती मुलांसाठी लिहिलेली नाही, पण तोवर भाचीची तयारी झालेली असेल. आपल्या जिल्ह्यात धरणग्रस्तांच्या वसाहती कुठं कुठं आहेत, हे ती आपणहून विचारेल बघा.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते. ‘वेगवेगळ्या समाजांतली पुस्तकं’ म्हटलं की मोठी माणसं हौसेनं ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ असा आत्मकथनांचा गठ्ठा मुलांच्या हातात देतात. चारही पुस्तकं मोठी आहेत, त्यांनी मराठी वाङ्मय हलवलं. पण चौदाव्या वर्षी ती ओळीनं वाचली तर मुलाला वाटायला लागतं की त्या घरांत नुसतं दुःखच राहतं. तिथं चेष्टामस्करी, प्रेमात पडणं, क्रिकेट, परीक्षेतली कॉपी काही नसतंच. हे त्या पुस्तकांवरही अन्याय करणारं आहे, कारण विनोद त्यांतही आहे. म्हणून एक जड, एक मोकळं, असं आलटून पालटून द्या. ‘अक्करमाशी’ तर माझ्या मते अकरावी-बारावीच्या आधी नकोच, त्यातलं लैंगिक शोषण समजून घ्यायला थोडं वय हवं.

मोकळ्यात पहिलं नाव सलीम सरदार मुल्लांचं. आपल्याच जिल्ह्यातले, वनखात्यात नोकरी केलेले. त्यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या कादंबरीला २०१९ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. जंगल ज्याला पायाखालचं ठाऊक आहे अशा माणसानं लिहिलेलं साहस आहे हे. आणि लेखक मुसलमान आहे म्हणून गोष्ट मुसलमान असण्याबद्दलच असली पाहिजे असं काही नाही, हेही मुलांना त्यातून आपोआप कळतं. दुसरं नाव लंपन या मुलाच्या गोष्टींचं. प्रकाश नारायण संतांची ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही चार पुस्तकं याच क्रमानं वाचायची. आईवडलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहणारा मुलगा, सीमाभागातलं कानडीमिश्रित बोलणं. बेळगावकडं तुमची सोयरीक असेल तर भाची पहिल्याच पानावर हसेल. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) तर नववीच्याच वर्गात घडते, आणीबाणीच्या काळात. सिनेमा पाहिला असला तरी वाचू दे. पण ती मुलग्यांच्या नजरेतून आहे आणि मुलींबद्दल त्या वयाची पोरं जशी बोलतात तशी बोलते. भाचीशी त्यावर बोलायची तयारी ठेवा.

मुलींच्या बाजूला आपलं कपाट रोडावलेलं आहे, हे कबूलच करायला हवं. मराठीत पोरग्यांना जितकं पान मिळालं तितकं पोरींना नाही. म्हणून तिथं आत्मकथनांकडं वळावं लागतं. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) घ्या, कोकणातलं बालपण आणि बांबूच्या टोपल्या विणून घर चालवणारी आई. आणि कोल्हापुरात राहून नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचलं नाही असं होऊ नये. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलेली ही मुलगी पुढं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करते, आणि ते आपल्या गावात घडलंय. अगदी छोटं काही हवं असेल तर मुक्ता साळवेचा निबंध. फुल्यांच्या शाळेतल्या या मातंग समाजातल्या विद्यार्थिनीनं तो लिहिला आणि १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तो छापून आला. शाळकरी मुलीनं काय सुनावलंय ते बघून तुमची भाची वही काढेल.

समलैंगिक मुलामुलींबद्दल तुम्ही दबकत विचारलंय, दबकू नका. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आहे, भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. सोळा-सतराच्या पुढं चालेल. इंग्रजीत हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ (२०१४) शाळेतल्याच मुलांची आहे, पण ती आत्महत्येच्या प्रयत्नापासून सुरू होते. आधी तुम्ही वाचा.

लेखक हुडकायचं म्हणाल तर मी स्वतः काय करते ते सांगते. अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची २०१० पासूनची मराठी यादी बघा, ती चांगली वाटाडी आहे. युवा पुरस्काराची यादी मात्र वेगळ्या कामाची. तिथं वयाची अट लेखकाला असते, पस्तिशीच्या आतला, वाचकाला नाही. पुस्तक मुलांचं असेलच असं नाही. दुसरं म्हणजे मासिकं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ‘साधना’ साप्ताहिक दिवाळीत मोठ्यांच्या अंकाशिवाय बालकुमार आणि युवा असे वेगळे अंक काढत आलंय, ‘वयम्’चाही दिवाळी अंक असतो. वाचनालयाची दिवाळी अंक योजना घेतली की हे सगळं थोड्या वर्गणीत घरी येतं. कथा आवडली की लेखकाचं नाव टिपायचं आणि पुढच्या वेळी त्या नावानं पुस्तक मागायचं. काउंटरवरच्या माणसाला विषय सांगितला तर तो डोकं खाजवतो, नाव सांगितलं तर उठतो. हे मी आमच्याच लोकांबद्दल बोलतेय.

तिसरी वाट कुणी वापरत नाही: पुस्तकातलं मनोगत आणि ऋणनिर्देश. लेखक तिथं कच्चं लिखाण कुणाला वाचून दाखवलं, कुणी लिहायला लावलं ते सांगतात. कोल्हापूर-गारगोटी-गडहिंग्लज पट्ट्यातली लिहिणारी मंडळी एकमेकांना धरून आहेत, एका मनोगतातून दुसरं नाव हमखास मिळतं. आणि ही माणसं भेटतातही. शाहू स्मारक भवनातले पुस्तक प्रकाशनाचे कार्यक्रम आणि ग्रंथप्रदर्शनं, दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेचे कार्यक्रम, तिथं भाचीला घेऊन जा. तिथून बाहेर पडलात की दसरा चौकातली बोर्डिंगं दाखवा. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं सुरू करून दिली, त्यामुळं खेड्यातून ट्रंक घेऊन शिकायला आलेलं पोरगं ही या शहराची जुनी ओळख आहे. किरण गुरवांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (२०२१ चा अकादमी पुरस्कार) हा कथासंग्रह वाचताना ते आठवेल. गावातला बाळू शहरात शिकायला येतो तेव्हा त्याला पावलोपावली जे अवघडायला होतं, ते आपल्या कॉलेजांत आजही रोज बघायला मिळतं.

विकत घ्यायची घाई करू नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथं किंवा तुमच्या भागातल्या वाचनालयात यांतली बरीच मिळतील. मुल्लांच्या कादंबरीनं सुरुवात करा, मग ‘वनवास’, मग ‘द पोएट एक्स’ला जोडून ‘झोंबी’. बाळू दहावीच्या सुट्टीसाठी राखून ठेवा, कॉलेजला जायच्या तोंडावर तो जास्त लागेल. तीसेक पानांत ती रमली नाही तर पुस्तक बदला, पण का नाही रमली ते विचारा आणि इथंच खाली लिहा; त्यावरून पुढचं नाव सुचवते.